उडवलेलं शून्य जातं कुठं?

"ताई, शून्य उडवलं म्हणजे पैसे कमी झाले ना? मग ते उडालेले पैसे गेले कुठं?"

आमच्या भागातल्या बचत गटात एकीने हा प्रश्न विचारला आणि बाकीच्या सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. वर्षानुवर्षं शाळेत गणित शिकवल्यावर एक गोष्ट कळते. ज्या प्रश्नावर सगळा वर्ग हसतो, बहुतेक वेळा तोच खरा प्रश्न असतो. १५,००० ला १०० ने भागायचं होतं. "दोन शून्यं उडवा, १५० उरले" असं एकीने झटकन सांगितलं. उत्तर बरोबरच होतं. पण विचारणारीचंही काही चुकलं नव्हतं. पंधरा हजाराचे दीडशे झाले, तर मधली रक्कम कोणी खाल्ली?

मी तिला विचारलं, "तुझ्याकडे एकेक रुपयाची पंधरा हजार नाणी आहेत. दुकानदाराकडून त्यांच्या शंभराच्या नोटा करून घेतल्या. किती नोटा मिळतील?" "दीडशे." "मग पैसे कमी झाले का?" "न्हाई की! तेवढेच हायेत."

बस्स, एवढंच आहे ते. पैसे कुठंच गेले नाहीत. मोजायच्या वस्तू कमी झाल्या, कारण प्रत्येक वस्तू मोठी झाली. शंभराने भागणं म्हणजे 'यात शंभर शंभराचे किती गठ्ठे आहेत?' असं विचारणं. आणि त्याचं उत्तर त्या आकड्यातच लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे.

मैत्रिणींनो, 'गणित हा काही माझा विषय नाही' असं म्हणणाऱ्या आपण दिवसातून दहा वेळा तरी दहाने, शंभराने, हजाराने भागत असतो. सोन्याचा भाव, व्याजाचा दर, दुकानातली सूट, लेकीचे मार्क, किलोचे ग्रॅम... सगळीकडे हाच भागाकार. म्हणून तो 'उडवाउडवी'चा न ठेवता जरा समजून घेऊ या.

आकड्यांच्या खुर्च्या

शाळेत आपण एकक, दशक, शतक, हजार असं घोकलं होतं. त्या आधीच्या पिढीने एकं, दहं, शतं, सहस्र. ही नावं आकड्यांची नाहीत, ती आकडे ज्या खुर्च्यांवर बसतात त्या खुर्च्यांची नावं आहेत. ३,४७५ मध्ये ३ हा हजाराच्या खुर्चीवर आहे, ४ शतकाच्या, ७ दशकाच्या आणि ५ एककाच्या. खुर्ची बदलली की मान बदलतो. अगदी आपल्या ऑफिसांसारखंच!

आता दहाने भागायचं, तर प्रत्येकाने एक खुर्ची उजवीकडे सरकायचं. तीन हजारांचे दहा सारखे वाटे केले तर प्रत्येक वाट्याला तीनशे येतात, म्हणून ३ शतकावर आला. चारशेचे दहा वाटे म्हणजे चाळीस, म्हणून ४ दशकावर. सत्तरचे दहा वाटे सात, म्हणून ७ एककावर. आणि जो ५ आधीच शेवटच्या खुर्चीवर होता, त्याला सरकायला जागाच नाही. तो उभा राहिला. ती झाली बाकी. उत्तर ३४७, बाकी ५.

या ५ लाही बसवायचं असेल, तर घराबाहेर ओसरी काढायची. उंबरठ्याच्या जागी टिंब द्यायचं आणि ओसरीवर दशांश, शतांश अशा आणखी खुर्च्या मांडायच्या. मग उत्तर येतं ३४७.५. दशांश अपूर्णांक नावाचा बागुलबुवा म्हणतात तो एवढाच.

३,४७० ला दहाने भागताना 'शून्य उडालं' असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथेही सगळे एकेक खुर्ची सरकले. शेवटच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं, म्हणून उभं राहायची पाळी कोणावर आली नाही. म्हणजे शून्य कोणी उडवत नाही, आकडे सरकतात.

हा फरक वरवरचा वाटेल. पण 'शून्य उडवा' एवढंच लक्षात ठेवलेली पोरं काय करतात, ते मी वह्यांमधून पाहिलं आहे. ३,०५० भागिले १० आलं की दिसली ती दोन्ही शून्यं खोडतात आणि उत्तर लिहितात ३५! ४,००७ भागिले १०० केलं की ४७! मधलं शून्य म्हणजे रिकामी खुर्ची. ती कोणाची तरी जागा राखून ठेवते, बसमध्ये आपण रुमाल टाकतो तशी. ती खुर्चीच काढून टाकली तर पुढचे सगळे चुकीच्या जागी जाऊन बसणार. ३,०५० चे दहाने भागून ३०५ होतात. आणि ४,००७ मध्ये शंभराच्या नोटा चाळीस, वर सात रुपये सुटे.

मकबऱ्याचा हिशोब

आपल्या छत्रपती संभाजीनगरचाच एक आकडा घेऊ या. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात बीबी का मकबरा उभा राहिला. पाहुणे आले की आपण त्यांना हमखास तिथे नेतो. त्याचा खर्च गुलाम मुस्तफा यांच्या 'तवारीखनाम्या'त दिला आहे : सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि सात आणे. बादशहाने सात लाख मंजूर केले होते, असं सांगतात. ते खरं धरलं तर बांधकाम बजेटच्या आत झालं आणि वर ३१,७९६ रुपये ९ आणे उरले! घराचं बांधकाम काढलेल्या कोणत्याही बाईला हे ऐकून हेवा वाटेल.

आधी फक्त रुपये घ्या : ६,६८,२०३. यात शंभराच्या नोटा किती? शेवटचे दोन आकडे बोटाने झाका. उरलं ६,६८२. म्हणजे ६,६८२ नोटा आणि झाकलेले तीन रुपये सुटे. हजाराचे गठ्ठे किती? तीन आकडे झाका. ६६८ गठ्ठे, सुटे २०३. दहा हजारांचे? चार आकडे झाका. ६६ गठ्ठे, सुटे ८,२०३. लाखाचे? सहा, आणि सुटे ६८,२०३. पेन नको, कागद नको, मोबाइल नको. जितकी शून्यं भाजकात, तितके आकडे बोटाखाली.

आणखी एक गंमत. याच रकमेला दहाने भागलं तर ६६,८२० येतात आणि बाकी ३. शंभराने भागलं तरी बाकी ३ च. असं कसं? दशकाची खुर्ची रिकामी आहे म्हणून! सुटे म्हणून शंभरात काही नवीन सापडलंच नाही. रिकामी खुर्चीसुद्धा कशी बोलते बघा.

आता राहिले ते सात आणे. खरी पंचाईत तिथेच आहे.

हाली, कलदार आणि नये पैसे

समजा हा खर्च दहा जणांत सारखा वाटायचा. रुपयांचं काम एका क्षणात झालं. प्रत्येकी ६६,८२० आणि उरले ३ रुपये ७ आणे. आता तीन रुपयांचे करा आणे. रुपयाचे सोळा, म्हणून अठ्ठेचाळीस. त्यात सात मिळवा, झाले पंचावन्न. दहाने भागा, प्रत्येकी पाच आणे, उरले पाच. त्या पाच आण्यांच्या करा पै. आण्याच्या बारा, म्हणून साठ. दहाने भागा, सहा. म्हणजे प्रत्येकी ६६,८२० रुपये ५ आणे ६ पै. सहा लाखांचा भागाकार बोटाने झाकून झाला आणि साडेतीन रुपयांनी घाम काढला! कारण रुपये दहाच्या पायऱ्यांनी चढतात, आणे सोळाच्या आणि पै बाराच्या. जिथे पायरी दहाची नाही, तिथे आकडे नुसते सरकत नाहीत.

आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी तर याहून मोठी कसरत केली आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी अमलातला रुपया तो 'कलदार'. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० पासून इथे भारतीय रुपयाही चालू झाला, पण हाली सिक्का बाजारात फिरत राहिला तो थेट १९५९ पर्यंत. त्यातच १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. रुपयाचे शंभर नये पैसे. म्हणजे मधली दोनेक वर्षं हाली, कलदार आणि नये पैसे अशी तीन तऱ्हांची भाषा एकाच बाजारात चालू होती.

माझ्या सासूबाई पैठणच्या बाजूच्या. त्या म्हणायच्या, "माहेरी हाली, सासरी कलदार, आणि घडी बसते न बसते तो नये पैसे." त्या शाळेत फार गेल्या नव्हत्या. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. आणे-शेरांच्या जगात हेच पाढे कामाला यायचे. रुपयाचा पाव म्हणजे चार आणे आणि चार आण्यांचे बरोबर २५ नये पैसे. इथवर ठीक. पण एका आण्याचे किती? सव्वासहा. आता पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? मोडीत दुकानदाराने सहाच हातावर ठेवले की घासाघीस व्हायचीच.

पाठोपाठ वजनंही बदलली. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण जाऊन ग्रॅम, किलो, क्विंटल आले. १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी झाली. त्या पिढीतल्या किती जणींनी चुलीपुढे बसून हे सगळं डोक्यात नव्याने लावून घेतलं असेल! त्याची कुठे नोंद नाही. पण आज आपण किलोचा भाव ऐकून शंभर ग्रॅमचा भाव मनातल्या मनात काढतो ना, ती सोय त्या उलथापालथीतून आली. पुढे १९६४ मध्ये पैशामागचं 'नये' गेलं. ३० जून २०११ पासून चार आण्यांचं नाणंही चलनातून गेलं. 'सोळा आणे खरं' मात्र आपण अजून म्हणतोच.

राणीचा शिलालेख

आकडे खुर्चीवर बसले की मोठे होतात, ही युक्ती माणसाला आधीपासून माहीत नव्हती. पैठण ही सातवाहनांची राजधानी. तिथून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर, जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. एका राणीने मांडलेला हिशोबच म्हणा ना! पण त्या लिपीत शून्य नाही. चारला एक चिन्ह, चाळीसला दुसरंच आणि शंभरला आणखी तिसरं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडायचं. त्या चारशेंना दहाने भागलं, तर सरकायला खुर्च्याच नाहीत. सगळं चिन्हच बदलायचं.

पुढे इसवी सन ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटाने प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असतं, हे सूत्र मोजक्या शब्दांत मांडलं. भारतातली ही पद्धत अरबांमार्फत युरोपात गेली. सिमॉन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर छोटंसं पुस्तक लिहिलं, तेव्हा ओसरीवरच्या खुर्च्याही तिकडच्या लोकांच्या ओळखीच्या झाल्या.

साठ तीन की त्रेसष्ट?

२०१९ ची गोष्ट आठवते? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असं वाचायला दिलं आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, अग्रलेख झाले. त्या वेळी बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' अशी पुस्तकं लिहून मुलांची गणिताची भीती घालवायला झटणारी ही बाई, जुलै २०२३ मध्ये गेली. त्या शांतपणे सांगत राहिल्या, की दक्षिणेकडच्या भाषांमध्ये आधी दशक आणि मग एकक असंच बोलतात, मुलांना ते सोपं जातं.

'त्रेसष्ट' हा शब्द जावा असं मलाही वाटत नाही. आपल्या भाषेचा तो ठेवा आहे. पण शिक्षिका म्हणून सांगते, अडचण खरी आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी लिहायचे. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे २ आणि ९! पहिली-दुसरीतल्या पोराने काय करावं? 'साठ तीन' म्हटलं की त्याला दिसतं : सहा दशक, तीन एकक. दहाने भाग : सहा, बाकी तीन. भागाकार शिकवायच्या आधीच भागाकार झाला की! घरी दोन्ही म्हणून घ्या. बिघडलं कुठं?

शेकडा म्हणजे किती?

आता कामाचं. आमच्या गटातल्या एकीने गटात येण्याआधी खासगी सावकाराकडून वीस हजार घेतले होते, 'शेकडा तीन'ने. तिला वाटलं, तीन टक्के, बँकेपेक्षाही स्वस्त! शेकडा म्हणजे शंभरामागे. वीस हजारांत शंभराचे गठ्ठे किती? दोन आकडे झाका, दोनशे. गठ्ठ्यामागे तीन रुपये, म्हणजे सहाशे. इथवर तिचा हिशोब बरोबर होता. पण हे सहाशे वर्षाचे नव्हते, महिन्याचे होते. वर्षाचे झाले ७,२००, म्हणजे ३६ टक्के! दोन वर्षांत तिने १४,४०० रुपये व्याज भरलं आणि मुद्दल वीसच्या वीस हजार तसंच. "मला कुणी बोट ठेवून दाखवलंच न्हाई," ती म्हणाली. आज ती गटाचं रजिस्टर स्वतः लिहिते.

म्हणून दर ऐकला की दोन प्रश्न विचारायचेच : शंभरामागे किती? आणि किती दिवसांचे? हेही लक्षात ठेवा, की महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाला सरकारने ठरवलेली मर्यादा आहे.

सोन्याचंही तसंच. भाव सांगतात दहा ग्रॅमचा. समजा तो १,२०,५०० आहे. एक आकडा झाका, ग्रॅमला १२,०५०. जीएसटी तीन टक्के. मूळ भावाचे दोन आकडे झाका, १,२०५ हा एक टक्का, त्याच्या तिप्पट ३,६१५. मजुरी किती टक्के सांगतात, तीही याच एका टक्क्यावरून काढा. गुलमंडीत दुकानदार कॅल्क्युलेटर काढेपर्यंत तुमचा आकडा तयार असतो आणि बोलण्याचा सूर आपोआप बदलतो!

आणि आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा टक्का म्हणजे जायकवाडीचा. नाथसागराचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. एक टक्का म्हणजे दोन खुर्च्या सरका, २१.७१. पेपरात '४० टक्के' वाचलं की चाळीसपट करा, ८६८.४ दशलक्ष घनमीटर. नळाला पाणी कधी येणार म्हणून ताटकळणाऱ्या आपल्या शहरातल्या बायकांना हा आकडा नुसता वाचून सोडून देता येत नाही, तो कळायलाच हवा.

ज्यांच्या नावाने तो नाथसागर, त्या एकनाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींच्या कचेरीचा हिशोब लिहिताना एक पैचा फरक आला. रात्रभर दिवा जाळून त्यांनी तो शोधला, आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढं? असं आपण म्हणू. पण त्या टाळीतला आनंद गटाचं रजिस्टर जुळल्यावर आमच्या बायकांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे.

करून बघा

* किराणा बिलाची रक्कम घ्या. शेवटचा आकडा झाका, दहा टक्के सूट किती ते कळेल. निम्मं केलं की पाच टक्के.
* किलोच्या भावाचा एक आकडा झाका, शंभर ग्रॅमचा भाव मिळेल. छोटं पाकीट स्वस्त की मोठं, लगेच समजेल.
* ७,०४० ला आधी दहाने, मग शंभराने मुलांकडून भागून घ्या. ७०४, आणि ७० बाकी ४०. मधल्या शून्याला कोणी हात लावला का, तेवढं बघा.
* स्थानिक किमतीच्या पाच चिठ्ठ्या करा : एकक, दशक, शतक, हजार, दहा हजार. पाटांवर किंवा खुर्च्यांवर ठेवा आणि मुलांना आकडे बनवून बसवा. दहाने भागताना सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं. उभा राहील तो बाकी. संगीत खुर्चीपेक्षा जास्त दंगा होतो, हे आधीच सांगून ठेवते.

आणि हो, लेकीने वहीत पटकन उत्तर लिहून 'शून्य उडवलं' म्हटलं, तर शाबासकी द्यायच्या आधी एकदा विचाराच : उडवलं, की सरकवलं?